अजून एक बायोप्सी

लघवीला परत फेस यायला लागला, तेव्हा चष्मेवालीने कोणालाच सांगितलं नाही. घाबरून नव्हे. सांगितलं की नवरा कामावरून लवकर घरी येणार, लेक अभ्यास सोडून तोंडाकडे बघत बसणार, आणि त्या दोघांना धीर द्यायचं काम शेवटी तिच्याच गळ्यात पडणार. तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. तिने दात घासले, केस बांधले आणि दुकान उघडायला गेली.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मधे डोळे तपासायची उंच खुर्ची, मागे पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र. ती स्वतःच डोळे तपासायची, स्वतःच भिंगं कापून फ्रेममध्ये बसवायची. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नेहमीचे एक आजोबा. त्यांना नवा नंबर नको होता, म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ ते धडाधड म्हणून दाखवायचे.

"आजोबा," ती म्हणाली, "तक्ता मी अजून लावलेलाच नाही. भिंत वाचताय तुम्ही."

आजोबा खजील होऊन हसले. तीही हसली. मग तिला एकदम बसावंसं वाटलं, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीशिवाय बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती उभीच राहिली.

आजार जुना होता. ल्युपस. शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवतात, असं किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत समजावलं होतं, आणि तिच्या बाबतीत त्या पहारेकऱ्यांनी किडन्या धरल्या होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, एकदा पहारेकऱ्यांना दम दिला की झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं दम देण्यातच गेली. स्टिरॉइडने तोंड फुगून वाटोळं झालं. ओळखीच्या बायका म्हणायच्या, "तब्येत सुधारली हो तुमची!" एका गोळीने पोटाला नाकीनऊ आणले. मग एक महागडं इंजेक्शन झालं; त्याने काही महिने बरे गेले, का त्याने नव्हेच, आपोआपच गेले, ते कोणालाच सांगता येईना. दर वेळी थोडं बरं वाटायचं, आणि बरं वाटण्याची सवय लागते न लागते तोच फेस परत यायचा.

नवऱ्याला शेवटी तिच्या पायांवरून कळलं. संध्याकाळी ती चपला काढत होती, तर पट्ट्यांचे वळ पायावर तसेच राहिले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"असेल आठवडाभर."

"मला सांगायचं नाही?"

"आता कळलं ना. आता तू दमायला लाग, मी जरा बसते."

त्याने पाट आणून तिच्या पायांखाली सरकवला.

डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. खोलीत एक खिडकी होती, ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. चष्मा तिच्याच दुकानातला होता.

"लघवीतलं प्रोटीन बरंच वाढलंय. परत बायोप्सी करावी लागेल."

"मागच्या बायोप्सीत जे दिसलं, तेच दिसेल ना?"

"बहुतेक तेच."

"मग कशाला करायची?"

"किती नुकसान झालंय ते कळेल. मग औषध वाढवता येईल."

"आणि वाढवलेल्या औषधाने फरक पडेल?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "खरं सांगू? तुमच्यासारखेच रिपोर्ट असलेले चार लोक माझ्याकडे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौघांच्या किडन्या सारख्याच दिसतात. एकच औषध देतो. दोघं सुधारतात, दोघं नाही. का, ते मला कळत नाही. इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही."

तिला वाटलं, आपल्याहून हा माणूस जास्त दमलाय.

बायोप्सीचं घरात कळलं, आणि रविवारी आत्या आली. आत्या म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लेकीची आत्या, म्हणून घरातले सगळे तिला आत्याच म्हणत, सख्खा भाऊसुद्धा. ती डॉक्टर नव्हती, गणित शिकलेली होती. त्याच हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एका संशोधनाच्या विभागात ती काम करायची; दारावरच्या पाटीवर 'सिस्टिम्स बायॉलॉजी' लिहिलेलं होतं, आणि तिच्या भावाला ते काय असतं हे आजपर्यंत धड कोणाला सांगता आलेलं नव्हतं.

नणंद-भावजयीचं तसं बरं होतं, पण एक गोष्ट चष्मेवालीच्या मनात अडकून बसली होती. आजाराच्या पहिल्या वर्षी, जेवताना, आत्या डोळे चमकवत म्हणाली होती, "ल्युपस म्हणजे फार सुंदर आजार आहे, वहिनी. म्हणजे अभ्यासायला." समोर अळणी भाजीचं ताट, केस मुठीने गळत होते, आणि सुंदर!

"वहिनी, एक विचारायचंय," आत्या उभ्याउभ्याच म्हणाली. "बायोप्सी होणारच आहे, तर त्यातला एक छोटा तुकडा आमच्या अभ्यासाला देशील? रक्त आणि लघवीही लागेल."

"वाटच बघत होते, कधी मागतेस त्याची."

"नाही म्हणालीस तरी चालेल."

"त्याने मी बरी होईन?"

"माहीत नाही. बहुतेक तुझ्या उपयोगी नाही पडणार. पुढच्या कोणाच्या तरी पडेल."

आतापर्यंत तिला सगळे जण बरं वाटेल असंच काहीतरी सांगत आले होते. आत्याने तसं काही केलं नाही, आणि त्यामुळेच तिचा राग थोडा ढिला पडला.

"तुम्ही करता तरी काय त्या तुकड्याचं?"

आत्या खाली बसली. "समज, एका इमारतीत भांडण झालं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात, तेव्हा त्यांना फुटलेल्या काचा दिसतात. सुरुवात कोणाच्या घरातून झाली, कोण कोणाला चिथावतंय, कोण नुसतंच खिडकीतून ओरडतंय, ते दिसत नाही. दोन इमारतींच्या काचा अगदी सारख्या फुटलेल्या असतील, पण भांडणं वेगळी असू शकतात."

"आणि तुला भांडण ऐकू येतं?"

"तुकड्यातली एकेक पेशी सुटी करतात. ती त्या वेळी कशाच्या तयारीत होती, ते वाचता येतं. मग किडनीतलं, रक्तातलं, लघवीतलं सगळं एकत्र मांडायचं, खूप रुग्णांचं, आणि कशामुळे काय होतंय ते गणिताने शोधायचं. सारखी भांडणं असलेले रुग्ण त्यातून बनणाऱ्या नकाशावर एकमेकांजवळ येतात. एक रुग्ण म्हणजे एक ठिपका."

"आणि गणित सांगतं ते खरंच असतं?"

"नसतं ना. नेहमी खरं असतं तर मला कशाला पगार दिला असता?"

चष्मेवालीने होकार दिला. नाही म्हणायचं तर कारणं द्यावी लागली असती, वाद घालावा लागला असता, आणि तेवढं बोलायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

"पण तुझा तुकडा मी हाताळणार नाही," आत्या निघताना म्हणाली. "घरचं माणूस आहे, असं आमच्या विभागाच्या मुख्य मॅडमना सांगून टाकलंय. रुग्णांची नावं आम्हाला कळत नाहीतच, नुसते क्रमांक असतात. तुझा क्रमांकही मी विचारणार नाही."

बायोप्सीच्या वेळी तिला पालथं झोपवलं. पाठीत भूल दिली. डॉक्टर म्हणाले, "श्वास धरून ठेवा," आणि स्टेपलरसारखा खट् आवाज झाला. दुखलं नाही, पण आत कोणीतरी ढोसल्यासारखं वाटलं. पुन्हा श्वास, पुन्हा खट्. निघालेला तुकडा काडेपेटीतल्या काडीहून बारीक होता. मग रक्त वाहू नये म्हणून दुपारभर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. आत्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. लॅपटॉपची पिशवी तिने उघडलीही नाही.

पलीकडच्या खाटेवरच्या बाई फोनवर कोणाला तरी भाजी कशी चिरायची ते ओरडून सांगत होत्या.

"तुझा दादा म्हणत होता, ही नोकरी तू माझ्यामुळे घेतलीस," चष्मेवाली छताकडे बघत म्हणाली.

"दादा काहीही सांगतो. घराजवळ होती म्हणून घेतली."

"असं होय."

"नंतर सोडून जाता आलं असतं, गेले नाही, ते वेगळं."

पलीकडच्या बाई आता फोडणीवर आल्या होत्या.

"तू त्याला सुंदर म्हणाली होतीस."

"कशाला?"

"माझ्या आजाराला. जेवताना."

आत्याला आठवायला वेळ लागला. आठवलं तशी ती खाली बघायला लागली. "म्हणाले असेन. तेव्हा मला तो फक्त पुस्तकातलाच माहीत होता."

"आणि आता?"

"आता काय. आता किळस येते कधीकधी."

चष्मेवालीला हसू आलं, पण हसलं की पाठीत कळ यायची. "हसवू नकोस," ती म्हणाली. "रक्त सुरू होईल माझं."

पुढचे काही आठवडे तेच जुनं औषध वाढवून चालू राहिलं. तोंड परत वाटोळं झालं. ती दुकान दुपारी बंद करून पडद्यामागे सतरंजी टाकून झोपायला लागली. एकदा एक बाई दार वाजवून वाजवून निघून गेल्या. तिला ऐकू येत होतं, पण उठवेना.

मग डॉक्टरांचा फोन आला. संशोधनातून जे कळलं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायला संशोधनाच्या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने परवानगी दिली होती. ती आणि नवरा दोघंही गेले.

"तुम्हाला ते महाग इंजेक्शन दिलं होतं, आठवतं?" डॉक्टर म्हणाले. "त्याने ज्या पेशी मारायच्या होत्या, त्या मेल्या. अगदी साफ. औषधाने त्याचं काम चोख केलं."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग त्रास त्या देतच नव्हत्या."

नवऱ्याने टेबलावरचा रिपोर्ट आपल्याकडे ओढून घेतला.

"प्रतिपिंडं, म्हणजे त्या पहारेकऱ्यांची हत्यारं, तयार करणाऱ्या जुन्या पेशी असतात," डॉक्टर पुढे म्हणाले. "त्या इंजेक्शनला त्या ओळखूच येत नाहीत. तुमच्या बाबतीत त्या थेट किडनीतच ठाण मांडून बसल्यात, आणि आजूबाजूच्या पेशी त्यांना खाऊपिऊ घालतायत. सूक्ष्मदर्शकात मला हे दिसलं नव्हतं. म्हणजे काही पेशी दिसल्या होत्या, पण सगळ्याला कारण त्याच आहेत हे कळलं नव्हतं."

"इतकी वर्षं आपण भलत्यालाच धरून मारत होतो," ती म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मखलाशी केली नाही. "आणि दुसरी गोष्ट. किडनीचा काही भाग आता नुसता व्रण आहे. तिथली आग विझलीये. तिथे कितीही औषध ओतलं तरी काही परत येणार नाही. तेवढं गेलं. स्टिरॉइड वाढवून आपण त्या भागाशीच झगडत होतो. ते आता कमी करूया."

त्या जुन्या पेशींवर चालणारं एक औषध होतं. मुळात रक्ताच्या दुसऱ्याच एका आजारासाठीचं. तिच्यासारख्या रुग्णांना ते चाचणीत देऊन बघत होते. नवऱ्याने हजार प्रश्न विचारले. तिने एकच विचारला.

"तुमचा विश्वास आहे?"

"थोडा. आधी जे देत होतो त्याच्यावर होता त्यापेक्षा जास्त."

ती हो म्हणाली. घरी जाताना नवरा सारखा बोलत होता, आता बघ कसं होतं ते, आता कळलंय ना कारण. तिला मात्र उगीचच त्या मरून गेलेल्या पेशींचं वाईट वाटत होतं.

औषध सलाईनमधून द्यायचे. मोठ्या खोलीत ओळीने खुर्च्या होत्या. शेजारच्या खुर्चीत नेहमी एक तरुण मुलगी असायची, मुलांना पोहायला शिकवणारी. तिलाही तेच औषध चालू होतं. क्लोरीनने केसांचा झाडू झालाय, असं स्वतःच म्हणायची. "काकू, पाण्यात सगळं हलकं वाटतं. बाहेर आलं की पायात जणू शिसं." दोघी एकमेकींचे घोटे दाबून बघायच्या आणि सूज कोणाची जास्त यावर पैज लावायच्या.

पहिले दोन महिने काहीच झालं नाही. तिसऱ्यात चष्मेवालीच्या पाठीवर नागीण उठली. नव्या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते, त्याचंच हे, असं डॉक्टर म्हणाले. कपडा टेकला तरी आग व्हायची. लेक रात्री मलम लावून द्यायची आणि काही विचारायची नाही. एके दिवशी चष्मेवाली नवऱ्याला म्हणाली, "मला आता पुरे झालं. जे होईल ते होऊ दे." तो म्हणाला, "बरं." मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिला. पुढच्या तारखेला ती गेली. न जाण्यासाठी कोणाशी तरी भांडावं लागलं असतं, आणि हा नुसताच बरं म्हणाला होता.

त्यानंतरच्या तपासणीच्या दिवशी तिचा फोन पिशवीच्या तळाशी बंद पडून होता. सकाळी हॉस्पिटलात रक्त देऊन ती सरळ दुकानात आली होती. एका शाळकरी मुलीच्या कानामागे चष्म्याची काडी टोचत होती, ती काडी चष्मेवाली गरम करून वाकवत होती, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आत्या. घामाघूम, गळ्यात ओळखपत्र, पायात ऑफिसातल्या सपाता.

"फोन का उचलत नाहीस?"

"बंद पडला असेल. काय झालं? तुझा दादा बरा आहे ना?"

आत्याने तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग डोळे तपासायच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चष्मेवालीने मुलीला चष्मा घातला, तिच्या आईला उद्या या म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"तुझ्या गटातला एक ठिपका," आत्या म्हणाली. "तुझा गट कोणता हे औषधावरून कळतंच मला, ते कसं टाळणार. त्यातल्या एकाच्या पुढे आज सकाळी नोंद आली. औषध लागू पडलं नाही. डायलिसिस सुरू. तू आज हॉस्पिटलात गेलेलीस. फोन लागेना. मला वाटलं..."

"मी नाही."

"दिसतंय ते."

चष्मेवालीला मात्र आठवलं, की गेल्या वेळी सलाईनच्या खोलीत शेजारची खुर्ची रिकामी होती. ती तिथेच खाली, जमिनीवर बसली.

"मला माहीत आहे कोण ते," ती म्हणाली.

"नाव सांगू नकोस मला."

"नाव मलाही माहीत नाही. पोहायला शिकवते. तुझ्या लेकीच्या वयाची असेल, म्हणजे तुला असती तर."

आत्या रडायला लागली. घरात कोणी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. "गणितात सगळं बसत होतं गं, वहिनी. तुमच्या दोघींत मला काडीचा फरक दिसत नव्हता. म्हणजे काहीतरी मी बघितलंच नाहीये. आता परत पहिल्यापासून बघायचं."

"कंटाळा नाही येत?"

"येतो. भयंकर येतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना वाटतं, वीज गेली तर बरं."

"मला कळतं ते," चष्मेवाली म्हणाली. "गोळ्यांचा डबा उघडताना तसंच होतं माझं."

तिने कोपऱ्यावरच्या टपरीतून दोन चहा मागवले. एकीला बिनसाखरेचा, एकीला भरपूर साखरेचा. दोघी चहा संपेपर्यंत जमिनीवरच बसून राहिल्या. मग आत्याने नाक पुसलं, आपल्या पायातल्या सपाता बघितल्या, "अशी आले मी रस्त्याने?" म्हणाली आणि परत कामाला गेली.

चष्मेवालीचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. प्रोटीन थोडं उतरलं होतं. कोणी आनंद केला नाही. सगळ्यांनी आधी खूपदा करून बघितला होता. पण पुढच्या महिन्यात आणखी उतरलं, त्याच्या पुढच्यात आणखी. पायांवर वळ उठेनासे झाले. स्टिरॉइडची गोळी अर्धी झाली, मग अर्ध्याची पाव. तिचं तोंड हळूहळू मूळच्या आकारावर आलं. फक्त मधल्या काळात ते बरंच म्हातारं झालं होतं. गेलेला भाग अर्थातच परत आला नाही. उरलेल्या किडनीवर काळजीने राहायचं, एवढंच. डॉक्टर 'बऱ्या झालात' म्हणाले नाहीत आणि तिने विचारलं नाही.

पोहायला शिकवणाऱ्या मुलीला ती डायलिसिसच्या खोलीत एकदा भेटून आली. मुलगी झोपली होती. तिच्या आईशी जरा वेळ बोलून ती निघाली, आणि त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं. बोलायला त्यांना जड जात होतं.

"संशोधनवाल्यांनी विचारलंय. अजून एक बायोप्सी कराल का? तुमच्या उपचाराला तिची गरज नाही, हे आधीच सांगतो. औषधाने आत नक्की काय बदललं, ते त्यांना बघायचंय. ज्यांना लागू पडलं आणि ज्यांना नाही, त्यांच्यातला फरक."

"आत्याने सांगितलंय का मला विचारायला?"

"नाही. त्या तर म्हणाल्या, तिला आता सोडा."

चष्मेवालीला पाठीतला तो खट् आवाज आठवला, ते उताणं पडून राहणं, शेजारच्या बाईंची भाजी. तिने पिशवी खांद्याला लावली.

"करू," ती म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात. हा महिना मला काहीच करायचं नाहीये."

"काहीच म्हणजे?"

"काहीच म्हणजे काहीच. आजारी असताना धड कंटाळताही येत नाही हो, डॉक्टर. सारखं कुठे ना कुठे जायचं असतं."

डॉक्टर हसले आणि तारीख न लिहिताच त्यांनी पेन खिशाला लावलं. ती घरी गेली. लेक शाळेत होती, नवरा कामावर. तिने खिडकीचा पडदा ओढला, भर दुपारी अंथरुणावर आडवी झाली, आणि कोणाचाही फोन आला तरी उचलायचा नाही असं ठरवून डोळे मिटले.